अल्सर माझ्या रागाचा नव्हता

मला अल्सर झाला तो माझ्या संतापामुळे आणि मिरचीमुळे, असं गुजरातेतल्या आमच्या भेस्तानच्या चाळीत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मिरचीचं एक वेळ समजू शकते. खानदेशातून आलेली बाई तिखटाशिवाय जेवेल कशी? पण सासूबाईंचा रोख माझ्या स्वभावावर. "तुना संतापच तुले खाई ऱ्हायना," म्हणायच्या, म्हणजे माझा संतापच मला खातोय.

मग काय, भरीत बंद, ठेचा बंद आणि बोलणंही बंद. खडूच्या चवीचं ते गुलाबी औषध प्यायचं आणि गप्प पडून राहायचं. पित्ताच्या गोळ्या चालू असेतो बरं वाटे, संपल्या की पुन्हा तीच आग. मी गप्प, त्यामुळे घरात मात्र सगळ्यांची चैन.

त्यातच मुलीची सातवी झाली. माझ्या देखत ठरलं, की आता शाळा पुरे. घरी बसून साड्यांना टिकल्या लावेल, आईलाही तेवढाच आराम. मी तोंड उघडलं तर नवरा हळूच म्हणाला, त्रास करून घेऊ नकोस, पोटात दुखेल. इतक्या मायेनं माझा गळा कुणी दाबला नव्हता. आणि खरं सांगते, मी घाबरले. पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

जूनमध्ये शाळा उघडली, पोरगी घरीच. माझं दुखणं इतकं वाढलं, की नवऱ्यानं मला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशातून नळी घालून तपासलं. रिपोर्ट आला तेव्हा तो शेजारीच बसला होता. डॉक्टर गुजराती, शांत माणूस. म्हणाले, "गुस्साथी नहीं, बेन. जंतुथी थाय छे."

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. पोटात जंतू आहे, त्यानं ही जखम केलीय. खुशाल रागवा, पण गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, आणि डोकं दुखलं की ऊठसूट गोळी घेता ती बंद. दोन प्रकारची अँटिबायोटिक्स आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल लिहून दिली. त्या गोळ्यांनी तोंडाला पितळेची चव यायची, जुलाब झाले, जीव नकोसा झाला. तरी एक गोळी चुकवली असेल तर शपथ!

पण बरी व्हायची वाट कोण बघतंय? दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कॅप्सूल घेतली, थोड्या वेळानं भाकरी खाल्ली, पोरीची वेणी घातली आणि तिचं दप्तर उचललं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवरा दारात आडवा उभा. त्याचं आपलं तेच, पोटात दुखेल तुझ्या.

"दुखू दे," मी म्हटलं. "त्याचं औषध मिळालंय मला. तुम्ही बाजूला व्हा."

तो बाजूला झाला.