सिमियूची आई आणि चौथा डबा

तिचं नाव फेलिस्ता आहे, हे मला पहिल्यांदा कळलं ते हॉस्पिटलच्या कागदावरून. अकरा वर्षं आगगाडीच्या एकाच डब्यातून ये-जा केली, पण आमच्यासाठी ती कायम सिमियूची आईच होती. सिमियू मोंबासाला बंदरात कामाला होता आणि नाताळात तेवढं तोंड दाखवायचा. ही बाई नैरोबीत एका दुकानात पायाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची आणि स्वतःचं पोट स्वतः भरायची.

मी गिथुराईला चढायचो, ती पुढे डांडोराला. ती चढली की चौथ्या डब्यात गाणी सुरू. प्रार्थनेचीच गाणी, पण ती अशी दणक्यात उचलायची की आम्ही डब्याच्या पत्र्यावर हात आपटून ताल धरायचो. कुणी कुरकुरलं तर तोंडावर सांगायची, "झोप काढायचीय ना? पाचवा डबा रिकामा आहे, बाबा. तिथे जा आणि खुशाल घोर."

डब्याचा एक नियम होता, तोही तिनेच घातलेला. कुणी सलग तीन दिवस दिसलं नाही, तर चौथ्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने त्या माणसाच्या स्टेशनवर उतरायचं आणि घरी जाऊन बघून यायचं. अर्धा दिवस बुडाला तरी चालेल. "गावी गेलाय" असं कुणी म्हटलं तरी ती ऐकायची नाही. "दाराला कुलूप बघून या, मग मी मानते," म्हणायची. एकदा मी चार दिवस दडी मारली, तर ही माझ्या दारात उभी! मी ठणठणीत, खाटेवर बसून भाजलेलं कणीस खात होतो.

"आजारी आहेस होय रे, अंब्रोस? दातांना तर काही झालेलं दिसत नाही!"

मी तेव्हाही सरकारी हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होतो. डब्यातल्या कुणाचं हाड मोडलं की तो माझ्याकडे यायचा आणि बाकावर ताटकळावं लागायचं नाही.

त्या वर्षी आमच्या डब्याला रेडिओवर गायला बोलावणं आलं. रविवारी सकाळी. महिनाभर दुसरा विषय नव्हता. गाणं उचलणार अर्थातच सिमियूची आई. तिच्या शेजारी बसणारी, डांडोराचीच जेरुशा मागून साथ करणार. जेरुशाचा आवाज चांगला होता, पण अकरा वर्षं तो साथीतच राहिला होता.

रेडिओच्या आदल्या रविवारी सिमियूची आई नळावरून पाण्याचा डबा आणताना घसरली आणि उजव्या नडगीचं हाड घोट्यापाशी मोडलं. शेजारचा हातगाडीवाला म्हणाला, "चला, आत्ताच नेतो हॉस्पिटलात." ही म्हणाली, नको. ओळखीशिवाय तिथे दोन दोन दिवस कुणी विचारत नाही, आणि तिथे आमचा अंब्रोस आहे. संध्याकाळी जेरुशा नाचणीची पेज घेऊन आली, पाय बघून रडली आणि म्हणाली, "उद्याच डब्यात सांगते. तू हलू नकोस." मोबाइल तेव्हा साहेबांकडेही नव्हते. जेरुशाचा शब्द, तो डब्याचा शब्द.

सोमवारी जेरुशाने आम्हाला सांगितलं, "सिमियूची आई गावी गेली. चुलत्याचं मयत झालंय. गाणं मी सांभाळावं असं सांगून गेलीय."

त्या आठवड्यात उतरून बघून यायची पाळी माझी होती. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला हायसं वाटलं. डांडोराच्या त्या चिखलातून कोण जाणार, आणि वर साहेबाच्या शिव्या कोण खाणार! कुलूप बघायचं असतं हे मला माहीत होतं. डब्यातल्या साठ माणसांना माहीत होतं. गुरुवारी गाडी डांडोराला थांबली, तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघत बसलो.

आणि ती त्या गुरुवारी चहा करून बसली होती. शेजारणीकडून घर झाडून घेतलं होतं, दार उघडं टाकलं होतं. हे मला हातगाडीवाल्याने नंतर सांगितलं. शुक्रवारीही तो म्हणाला, चला. तिने ऐकलं नाही. "अंब्रोसला सुट्टी मिळाली नसेल," म्हणाली. रविवारी शेजारच्या घरात रेडिओ लागला. जेरुशाने गाणं उचललं, मागे आम्ही सगळे. पूर्ण गाणं तिने ऐकलं, आणि मग त्याला म्हणाली, "गाडी तयार ठेव. उद्या सकाळी जाऊ."

सोमवारी प्लास्टरच्या खोलीत स्ट्रेचर आलं. हाड वेडंवाकडं जुळायला लागलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा हलवून बसवलं होतं आणि तिच्यासमोरच सांगून टाकलं होतं, घोटा आता आखडलेलाच राहणार, मशीनचं पायडल विसरा.

मला बघून ती म्हणाली, "छान गायलात."

"जेरुशा म्हणाली, तुम्ही गावी गेलात म्हणून..."

"कुलूप कुणी पाहिलं?"

प्लास्टरची पट्टी पाण्यात तशीच भिजत पडली.

"जेरुशाचं मला कळतं," ती म्हणाली. "तिला गायचं होतं. तुला काय हवं होतं रे?"

मला अर्धा दिवस वाचवायचा होता. हे तिला सांगायची छाती झाली नाही. मी पट्टी उचलून पुढे झालो, तसा तिने पाय मागे ओढला. वेदनेने तिचा चेहरा पिळवटून गेला, तरी ओढला.

"तू नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. मी थांबते."