काट्याची हनुवटी

कुत्र्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून उभी राहणारी माणसं काही आभाळातून पडत नाहीत. कुणी जनावरांचा डॉक्टर असतो, कुणी श्वानपथकातून निवृत्त झालेला, कुणाच्या घरी पिढ्यान्पिढ्या जातिवंत पिल्लांची पैदास चाललेली. स्पर्धेच्या पुस्तिकेत त्यांचे फोटो येतात, खाली परिचय येतो. काट्याच्या फोटोखाली आयोजक दरवर्षी एकच शब्द छापायचे : प्राणिप्रेमी. तो वाचला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. प्रेम कसलं डोंबलाचं, ती म्हणायची, मी बाजारात मेंढ्या हाकल्यात, तसं छापा की. लाज कुणाची वाटते, माझी की मेंढ्यांची?

काटा हे नाव बाजारानं दिलेलं. मेंढ्यांच्या घाऊक बाजारात ती वजनकाट्यावर होती. ट्रकमधून उतरलेला कळप कुत्र्याच्या जिवावर वळवायचा, एकेक मेंढी लोखंडी पाळण्यात चढवायची आणि वजन पुकारायचं. आता मेंढी म्हणजे काही ध्यानाला बसलेला साधू नव्हे. ती हलते, पाळणा हलतो, काटा नाचतो. अशा वेळी काटा, म्हणजे ही बाई, श्वास रोखून बघत राहायची. सुई ठरली की तिचे ओठ मिटायचे आणि हनुवटी केसभर वर जायची. ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. बाजाराला ठाऊक होतं. घेणारा आणि विकणारा दोघंही सुईकडे न बघता तिच्या हनुवटीकडे बघायचे, आणि ती वर गेली की वजनावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

स्पर्धेत ती आली तीही मेंढ्यांच्या मागोमाग. कळप वळवण्याच्या चाचणीसाठी आयोजक बाजारातून मेंढ्या भाड्यानं आणायचे, त्या सांभाळायला हिला पाठवलं. कुंपणाला टेकून ती प्रत्येक निकालावर इतकी तोंड वाजवायला लागली की शेवटी एका परीक्षकानं हात जोडले आणि म्हणाला, बाई, एवढं कळतं तर परीक्षा द्या आणि या आत. तो थट्टा करत होता. हिनं ती मनावर घेतली.

अडचण एवढीच, की नियमांचं पुस्तक जाडजूड आणि हिची शाळा लवकर सुटलेली. तिथं कंगवा धावून आली. बाजाराच्या मागच्या गल्लीत कुत्र्यांना आंघोळ घालून केस कापून देण्याचं दुकान चालवणारी ही पोरगी, वयानं बरीच लहान, हिला ताई म्हणायची. एका हातानं कुत्र्याला साबण लावायचा, दुसऱ्या हातात भिजलेलं पुस्तक धरून मोठ्यानं वाचायचं. समोर पालथ्या बादलीवर बसून काटा ऐकायची आणि नियमांशी भांडायची. परीक्षा पास झाली तेव्हा कंगव्यानं तिला साबणाच्या हातांनीच मिठी मारली होती. सख्खी बहीण असती तरी इतकं केलं नसतं, असं काटा चारचौघांत सांगायची.

परीक्षक म्हणून तिचं नाव झालं ते सरळपणामुळं. ओळखीच्याचे गुण ती जरा जास्तच कापायची. कंगवा स्वतःचा कुत्रा घेऊन उतरायला लागली तेव्हा कुणी कुजबुजलं नाही, कारण पहिल्याच वर्षी काट्यानं कमी गुण देऊन तिला सगळ्यांदेखत हरवलं होतं.

तो कुत्रा भुऱ्या. मेंढ्यांमागं असा पळायचा की जणू कळपाच्या मनातलं त्याला आधी कळतं. सकाळी कळपाची चाचणी, दुपारी आज्ञापालनाची, दोन्ही मिळून विजेता. दुपारच्या चाचणीत सगळ्यात अवघड काम वासाचं. सारखे दिसणारे लाकडी ठोकळे मैदानात मांडतात, त्यातला एक मालकानं हातात चोळून दिलेला. परीक्षक तो चिमट्यानं उचलून बाकीच्यांत ठेवतो. त्या वेळी मालक आणि कुत्रा पाठमोरे. मग कुत्र्यानं जायचं, हुंगायचं आणि मालकाच्या वासाचा तेवढा ठोकळा तोंडात धरून आणायचा. कुठला खरा, हे रिंगणात फक्त परीक्षकाला माहीत.

पहिल्या वर्षीच्या त्या हारीनंतर भुऱ्या बराच आजारी पडला. वाचला हेच नशीब. त्यानंतर दर रविवारी कंगवा त्याला घेऊन काट्याकडे चहाला यायला लागली. काटा एकटी राहायची; दार वाजलं की तिचा चेहरा उजळायचा. चहा झाला की खेळ. कंगवा पाठ फिरवायची आणि म्हणायची, ताई, तू लपव. टेबलावर उपडे ठेवलेले कप, त्यातल्या एकाखाली काटा बिस्किटाचा तुकडा ठेवायची. भुऱ्या एकेका कपाशी थांबायचा, मान वर करायचा आणि बरोबर कपावर पंजा ठेवायचा. काटा पोट धरून हसायची. नाक आहे की दुर्बीण, म्हणायची. आपण परीक्षक, हा स्पर्धेचा कुत्रा, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण बिस्किटाच्या खेळाला कोण शिकवणं म्हणेल? घरातलं माणूस घरी आलं, एवढंच तिला दिसत होतं.

गेल्या वर्षी भुऱ्या विजेता ठरला. वासाच्या कामात पैकीच्या पैकी. काट्यानं इतके गुण आयुष्यात कुणाला दिले नव्हते.

यंदा प्राथमिक फेरी संपली तेव्हा बाजूच्या रिंगणाचे परीक्षक, ते जनावरांचे डॉक्टर, तिच्याकडे आले. भला माणूस, हळू बोलणारा. ते म्हणाले, "रागावू नका, पण तो कुत्रा हुंगत नाही. तुमच्याकडे बघतो."

"डॉक्टर, तुम्ही गुरांच्या शेपट्या उचला," काटा म्हणाली. "माझं रिंगण मी बघते."

आजूबाजूचे हसले. डॉक्टर आपल्या रिंगणाकडे परतले.

रविवारी तिनं ही गोष्ट कंगव्याला हसत हसत सांगितली, डॉक्टरांची नक्कल करून. कंगवा चहा ओतत होती. ती हसली नाही. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून जमिनीवर ओघळला तरी तिची किटली वाकलेलीच. मग एकदम फडकं आणायला उठली आणि त्या दिवशी खेळ न खेळताच निघाली. भुऱ्या मात्र दारातून वळून काट्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नाकाकडे नाही, हाताकडे नाही, तोंडाकडे. बाजारातले व्यापारी बघायचे तसा.

काट्याचा हात पहिल्यांदाच स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

अंतिम फेरीच्या दिवशी ऊन होतं, खुर्च्या भरलेल्या होत्या. भुऱ्यानं सकाळी मेंढ्या अशा वळवल्या की लोक उभे राहिले. आता दुपारी वासाचं काम निभावलं की सलग दुसऱ्यांदा विजेता. काट्यानं चिमट्यानं ठोकळा ठेवला. नेहमी ती ठोकळ्यांच्या पलीकडे, कुत्र्याच्या समोर उभी राहायची. आज ती चालत आली आणि कंगव्याच्या मागं जाऊन उभी राहिली. नियमात परीक्षकानं कुठं उभं राहावं हे लिहिलेलं नाही. ते पुस्तक कंगव्यानंच तिला वाचून दाखवलं होतं. कंगव्याची मान ताठ झाली. ती वळली नाही.

भुऱ्या सुटला. पहिल्या ठोकळ्याशी थांबला, मान वर केली. समोर कुणी नव्हतं. दुसऱ्याशी गेला, मान वर. खऱ्या ठोकळ्यावरून तर तो पाय टाकून पुढं गेला. मग मैदानाच्या मधोमध गोल फिरला, शोधलं, आणि काटा दिसताच आनंदानं धावत आला. मालकिणीला ओलांडून काट्याच्या पायाशी बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत शेपूट हलवायला लागला. सांग ना, कुठला?

खुर्च्यांमधून हसू फुटलं. लोकांना वाटलं, लाडात आलाय.

काट्यानं शून्य पुकारलं. पुकारताना हनुवटी तिनं हातानं धरून ठेवली होती, ती वर जात होती की थरथरत होती हे तिलाच कळेना.

कंगवा तिला सामानाच्या तंबूमागं भेटली. भुऱ्याचा पट्टा ती हाताला गुंडाळत होती. मग म्हणाली, "आजारात त्याचं नाक गेलं, ताई. कायमचं. कुणाला सांगितलं असतं तर संपलाच असता तो. म्हणून तुझा चेहरा शिकवला."

"माझ्याच घरी बसून."

"दुसरीकडे कुठं शिकला असता?"

काट्याच्या तोंडात शिव्यांची कमतरता कधी नव्हती. त्या दिवशी एकही आली नाही. तिनं एवढंच विचारलं, की त्या रविवारांपैकी एखाद्या रविवारी तरी तू नुसती चहाला आली होतीस का. कंगवा रडायला लागली, आणि ते उत्तर नव्हतं.

त्याच संध्याकाळी काट्यानं आयोजकांना सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचा निकाल खोटा आहे, आणि तो माझ्या तोंडानं खोटा झालाय. आयोजक म्हणाले, झाकली मूठ राहू द्या, तुमचीच बदनामी होईल. ती म्हणाली, होऊ द्या. चषक परत मागवला गेला, तिला एक वर्ष बाहेर बसवलं गेलं, आणि लोक म्हणाले तेच जे लोक म्हणतात : दोघी सामील असणार, पटलं नसेल काही. डॉक्टर तेवढे घरी आले. तिनं माफी मागितली; तशी सवय नसल्यानं ती भांडल्यासारखी मागितली. ते समजून घेऊन चहा पिऊन गेले.

आता ती परत रिंगणात असते. खरा ठोकळा मदतनीस ठेवतो, आणि तेवढा वेळ ती पाठ फिरवून उभी राहते. कुठला खरा हे तिला कुत्र्यानं आणल्यावर कळतं. पुस्तिकेत अजून प्राणिप्रेमीच छापतात. ती आता भांडत नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीतून मात्र तिला जावं लागतं, दुसरा रस्ता लांबचा आहे. दुकानाच्या पायरीवर भुऱ्या बसलेला असतो. ती दिसली की उठतो, आणि पलीकडच्या कडेवरून तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो. त्याची काय चूक? त्याला जो शिकवला तो धडा तो गिरवतोय. काटा ओढणी हनुवटीवरून ओढून घेते आणि चालत राहते.