कोपऱ्यात न तुटलेली वेल

आधी मारियाबाईंचं नाव लिहितो, मग जे झालं ते. मुंबईच्या कोटातल्या जुन्या, मोठ्या गिरजाघरात त्या झाडलोट करतात. मनोऱ्याची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. आमच्याशी त्यांचं नातं नाही, गाव एक नाही, धर्म तर नाहीच. तरी सहा आठवड्यांपूर्वी माझा संपतदादा गेला, तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं...

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे; तो मंगरूळपीरचा, मी केनवडचा. माझी शाळा चौथीत सुटली, नंतर घरच्या भाजीच्या मळ्यात वाफे ओढत होतो. तिथून उचलून दादानं मला मुंबईला आणलं आणि लादी बसवायचं काम हातात दिलं. आठ वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. यंदा शहरात ताप शिरला. आमच्या टोळीतले सगळे एकेक करून गावाला निघून गेले. आमचीही शनिवारची तिकिटं काढून झाली होती. गावी वहिनीला सातवा महिना होता, आणि दादा दिवस मोजत होता. फक्त एका शेठच्या दिवाणखान्यातलं काम राहिलं होतं. नक्षीच्या लाद्यांची एक वेल भिंतीच्या कडेनं फिरवायची होती, पण कोपऱ्यात ती वळेचना. तिथं कापावी लागत होती.

"दादा, काप न् चाल. तिथं कपाट येईन, कोण पाह्यते?" मी म्हटलं.

"कपाटाखाली तुटली तरी तुटलीच ना बे? घरी बायको अशी, अन् मी लोकाच्या घरात वेल तोडून जाऊ काय?"

आमच्याकडे अंगणातल्या रांगोळीची वेलसुद्धा बायका अर्धी टाकून उठत नाहीत; वंशाची वेल तुटते म्हणतात. म्हणून मी त्याचं ऐकलं. आता वाटतं, तेव्हा भांडायला हवं होतं. शनिवारची गाडी आमच्याशिवाय गेली.

गिरजाघरातल्या फरशीला अशीच वेल आहे, असं दादानं कोणाकडून तरी ऐकलं होतं. सोमवारी आम्ही तिथं गेलो. दारात चपला काढल्या आणि आत पाहतो तर निळी-पिवळी फुलं, चांदण्या, पानं, सगळी जमीनच मांडलेल्या रांगोळीसारखी. फुलावर पाय कसा द्यायचा? दोघंही भिंतीला पाठ घासत, कडेच्या साध्या दगडावरून आडवे सरकू लागलो. बाकांच्या मागून एक बाई हसली.

"अरे बाबांनो, साहेब लोक बुटांनी तुडवतात ही. तुम्ही काय सर्कस करताय? आणि चपला आत घ्या, नाहीतर कुत्रा नेईल."

त्याच मारियाबाई. येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला वरच्या सज्जात नेलं. तिथून सगळी फरशी एका नजरेत दिसली. दादा कठड्यावर वाकला आणि मोठ्यानं हसला. "पाह्य, दशऱ्या, पाह्य! कोपऱ्यात फूल ठेवलं त्याइनं. एक वेल तिथं येऊन टेकते, अन् दुसरी तिथूनच निघते. तोडाचं कामच नाही."

तेवढ्यावर परतलो असतो तर... पण दादा म्हणाला, "आठ वर्सं मुंबईच्या जमिनीच पाह्यल्या, आज वरतून मुंबई पाहू." मनोऱ्याच्या जिन्यात तो तीनदा थांबला. गुडघा दुखतो म्हणाला, मी खरं मानलं. वर पोचलो. खाली कौलं, गोदीतल्या जहाजांच्या डोलकाठ्यांची रांग, आणि भर दुपारी रिकाम्या चाललेल्या ट्रामगाड्या. दादानं उगवतीकडे बोट केलं. "तुयी बुढी माय दिसते काय पाह्य केनवडात. वांगे तोडून राह्यली का तुया नावानं बोंबलून राह्यली?"

मी हसलो, आणि हसतानाच समुद्राच्या बाजूला नजर गेली. वारा पडला होता. धूर सरळ उभा होता; एक विरायच्या आत शेजारून दुसरा उठत होता.

"गिरणीचा अशीन," मी म्हटलं.

"गिरण्या तं बंद हायेत ना बे."

त्या बाजूला स्मशान होतं, हे दादालाही ठाऊक होतं. उतरायला म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि सदऱ्यातून मला चटका बसला.

"काहून सांगितलं नाही दादा?"

"सांगितलं असतं तं तू वर येऊ देल्लं असतं काय?"

शेवटच्या पायऱ्यांवर तो बसलाच. मारियाबाईंनी त्याला मागच्या आपल्या खोलीत निजवलं. दवाखान्यात व्हरांड्यातसुद्धा जागा उरली नव्हती. दादानं पाणी मागितलं. बाई पेला घेऊन उभ्या राहिल्या, आणि मी मध्ये आलो. दादाच्या घरी चुलीपाशी परधर्माच्या माणसाला उभं करत नाहीत, मग त्याच्या हातचं पाणी कसलं, हे मला ठाऊक होतं. मारियाबाईंनी पेला मागे घेतला नाही. दादानंच मला बाजूला सारलं. "सरक ना बे. तहान मले लागली हाय."

तीन दिवस त्या त्याच्या उशाशी होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आमच्या चाळीतलं कोणी दाराबाहेर यायला तयार नव्हतं. मारियाबाईंच्या दोन भावांनी खांदा दिला. त्यानंतर मी शेठच्या बंगल्यावर गेलो आणि चारी कोपऱ्यांत फूल बसवलं. वेल तुटू दिली नाही.

वहिनीला पत्र लिहिलं, त्यात पाण्याचं लिहायची हिंमत झाली नाही. तिनं उलट विचारलं, "शेवटचं पाणी कोनं पाजलं ते लिहिलं नाही तुमी." मग खरं लिहिलं. पंधरा दिवस उत्तर नाही. त्या पंधरा दिवसांत मला तापाची जेवढी भीती वाटली नाही तेवढी टपालवाल्याची वाटली. परवा पत्र आलं. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, बोल वहिनीचे: "भाऊजी, त्या माउलीले घेऊन या. ओसरीवर नाही, माया चुलीपाशी पाट मांडीन. तिले मी माया हातानं वाढीन."

ताप अजून या शहरातून गेलेला नाही. रोज सकाळी मी आधी स्वतःच्याच कपाळाला हात लावून पाहतो. पण जगलो वाचलो तर, मारियाबाई, एक दिवस तुम्हाला मुर्तिजापूरच्या स्टेशनावर उतरवून घेईन, बैलगाडीत गवत टाकून त्यावर घोंगडी अंथरीन, आणि मंगरूळपर्यंत गाडी मी स्वतः हाकीन. वहिनीनं मांडलेल्या त्या पाटावर तुम्हाला बसलेलं पाहिल्याशिवाय मी ऋण फिटलं असं म्हणणार नाही.