सोलापुरातली दुसरी खोली

"आता एस.टी.त बसायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवस भरेपर्यंत इथंच राहा. माझ्यापासून जवळ, आणि जिथं तुम्हाला आराम वाटेल अशा ठिकाणी."

त्यांचं छोटंसं प्रसूतिगृह सात रस्ता नावाच्या चौकाजवळ होतं. माझे यजमान करकंबला शाळामास्तर. आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो आणि एकमेकांकडे बघायचीही हिंमत होत नव्हती. याआधी दोनदा दिवस राहूनही माझी कूस रिकामीच राहिली होती. पहिलं पाचव्या महिन्यातच गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं होतं. गावातून जीपने पंढरपूरला नेताना वाटेत एका पुलाच्या अलीकडे जीप बंद पडली, आणि मुलगा तिथंच, गाडीत, न रडताच जन्मला. त्यामुळे 'जवळ' हा शब्द डॉक्टरीणबाईंनी साधेपणाने उच्चारला असला तरी मला तो पूल आठवला.

सोलापुरात आमचं नात्यागोत्याचं कुणीच नव्हतं. आजवर आम्ही यायचो ते कापडचोपड घ्यायला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एवढ्या शहरात पोटुशीने राहायचं म्हणजे कुठं राहायचं? ह्यांनी रविवारी सगळं शहर मला टांग्यातून दाखवलं. स्टेशनजवळची लॉजिंगं मी लांबूनच नाकारली. जिन्यावर पुरुषांची सतत वर्दळ, आणि मोरी सगळ्यांना मिळून एक. सात रस्त्यावर एका हॉटेलच्या माडीवर खोली होती, दवाखान्याच्या अगदी समोर म्हणावी अशी. पण जिना इतका उभा की मी मधल्या पायरीवरच कठड्याला धरून थांबले.

मग पूर्व भागात गेलो. तिथं घराघरात माग. गल्लीच्या तोंडाशीच टांग्याचा घोडा बिचकला, इतका आवाज. टॉवेल विणणाऱ्या एका घराची रस्त्याकडची खोली भाड्याने द्यायची होती. घर तेलुगू माणसांचं. मालकीणबाई ओट्यावर चार बायकांबरोबर विड्या वळत बसल्या होत्या. माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी ह्यांना काही विचारलंच नाही. सूप बाजूला सारलं, "कूर्चो, कूर्चो" म्हणत मला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. पण ह्यांनी कपाळाला आठी घातली. "इथं माणूस वेडं होईल," असं ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, तेव्हा कुठं मला ऐकू आलं.

शेवटी ठरली ती बंगल्यांच्या वस्तीतली खोली. कडुलिंबाची सावली, फाटक, मागच्या बाजूला वेगळा दरवाजा. मालक निवृत्त हेडक्लार्क, घरात ते आणि त्यांची बायको. "आमच्याकडे कसलाही आवाज चालत नाही," बाई म्हणाल्या. ह्यांना ते फार आवडलं. मला सोबत म्हणून सासूबाई आल्या. त्यांनाही आवडलं.

"देवळावानी शांत हाय," त्या म्हणाल्या. "तुला इसावाच पायजे. डॉक्टरीण म्हनली की."

मीही मान हलवली. काय चुकीचं होतं त्यात? पण हे गावी परतले आणि दुपार झाली की त्या वस्तीत जे काही सुरू व्हायचं, त्याला मी शांतता म्हणू शकत नव्हते. दारं लागायची, पडदे ओढले जायचे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी पडून राहायची आणि पोटात हालचाल होते का याकडे सगळं ध्यान. हललं की जीव भांड्यात पडायचा. मग लगेच पुढच्या हालचालीची वाट बघणं सुरू. दुसरं ऐकायला काही नव्हतंच.

एका दुपारी सासूबाई भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या. मला वाटलं, सकाळपासून बाळ हललेलं नाही. डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले. गूळ खाऊन बघितला, गार पाणी प्यायले. काहीच नाही. बंगल्याच्या मालकीणबाईंचं दार वाजवलं. बऱ्याच वेळाने खिडकी किलकिली झाली.

"काय हो? हे झोपलेत."

"टांगा मिळेल का कुठं? दवाखान्यात जायचंय."

"टांगा इकडे कुठला? मोठ्या रस्त्यावर मिळेल," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कळा येताहेत का?"

"नाही."

"मग सासूबाई येऊ देत की," त्या म्हणाल्या आणि खिडकी लागली. त्या वाईट नव्हत्या. त्यांना काही कळलंच नसावं.

मी चालायला लागले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना बंद फाटकं. एका फाटकातून कुत्रं भुंकलं तर मला बरंच वाटलं. मोठ्या रस्त्यावर पोचेपर्यंत पोट दगडासारखं कडक झालं होतं आणि मला सारखी ती बंद पडलेली जीप दिसत होती. एका दुकानदाराने माझा चेहरा बघूनच टांगा थांबवला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी टेकवली. किती तरी वेळ ती इकडून तिकडे सरकवत राहिल्या. मी छताकडे बघत होते. मग त्या हसल्या. "अहो, ठोके छान आहेत. झोपलंय बाळ."

मला हुंदका आवरेना. त्यांनी रडू दिलं. मग मी विचारलं, "बाई, मागांच्या आवाजाने बाळाला काही होतं का?"

"बाळाला काही नाही होत. तुम्हाला झोप लागते का, तेवढं बघा."

संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मी इथं राहणार नाही. आपण त्या मागवाल्यांकडे जाऊ."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. लग्न होऊन सासरी आल्यापासून 'मी असं करणार' हे वाक्य मी कधी बोलले नव्हते.

"याड लागलं का तुला? त्या गोंगाटात? त्येंची बोली बी आपल्याला कळायची न्हाय."

"बोली नाही कळली तरी चालेल. हाक मारली तर कुणीतरी बाहेर यायला पाहिजे."

त्यानंतर भाकऱ्या थापताना त्या परात जोरजोरात आपटत होत्या. रविवारी हे आले. आधी रागावले, मग त्या दुपारची हकीकत ऐकून स्वतःच वळकट्या बांधायला लागले. त्याच दिवशी आम्ही सामान हलवलं.

पहिले काही दिवस मला वाटलं, आपण घात केला. भिंत थरथरायची, तिच्याबरोबर फळीवरची भांडी आणि माझे दात. कपाळ सतत ठणकायचं. ओट्यावरच्या तंबाखूच्या वासाने मळमळायचं. सासूबाई कानात कापसाचे बोळे घालून माझ्यासमोर येऊन बसायच्या. एकदा जेवता जेवता मला रडू आलं. आता काही कमीजास्त झालं तर खापर माझ्याच डोक्यावर, आणि ते बरोबरच, असं वाटत होतं.

मालकीणबाईंना ते रडं दिसलं असावं. दुसऱ्या दिवसापासून विड्यांची सुपं ओट्याच्या पलीकडच्या टोकाला गेली. दुपारी त्यांच्यातली एक कुणीतरी उठून माझ्या दारात येऊन बसायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. माझ्या पोटाकडे बोट करून भुवया उंचावायची, मी मान हलवली की हसून परत जायची. हळूहळू मला दुपारची झोप लागायला लागली. भीती गेली असं नाही. पण ती दिवसभर माझ्या एकटीच्या अंगावर नसायची.

दिवस भरायला थोडे बाकी होते. सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि एकदम लुगडं ओलं झालं. मी उठायला गेले तर उठता येईना. सासूबाईंनी कानातले बोळे काढून फेकले आणि दारात जाऊन अशी आरोळी ठोकली, जणू करकंबच्या मळ्यात उभ्या आहेत.

त्यानंतर जे झालं त्याने मी जास्तच घाबरले. माग थांबले. आधी आमच्या घरातले, मग शेजारचे, मग समोरचे. आवाज एकदम गेला. मला वाटलं मला ऐकू येईनासं झालंय, आपण मरतोय. मग दारात माणसंच माणसं दिसली. मालक स्वतः टांगा आणायला पळाले होते. दोन बायकांनी मला दोन्ही बाजूंनी उचललं.

"काय भिऊ नको," मालकीणबाई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणत होत्या. "आमी हाय की सगळे."

टांग्यात त्या माझ्या एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली. "सावकास हाक रं बाबा," त्या टांगेवाल्याला म्हणायच्या, आणि लगेच, "अरं, पळव की!"

मुलगी दुपारी झाली. झाली आणि रडली नाही.

तो वेळ मला आजही पुरता आठवत नाही. डॉक्टरीणबाईंची पाठ आठवते, नर्सने पाय धरून उलटं केलेलं ते निळसर अंग आठवतं. चापट मारल्याचे आवाज. मी ओरडले की मनातल्या मनात ओरडले, माहीत नाही. मग एक किरटा, चिडका आवाज आला. दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या, "रडलं! रडलं की गं बाई!" आणि तिथंच फरशीवर बसल्या.

आम्ही पुढे काही आठवडे त्याच खोलीत राहिलो. मुलगी मागांच्या आवाजात गाढ झोपायची. मी मात्र तिच्या नाकाशी बोट धरून बघत बसायची, आणि ती सवय गावी गेल्यावरही लवकर सुटली नाही.

करकंबला बायका बाळ बघायला आल्या. त्यातल्या एकीच्या सुनेलाही सोलापूरला न्यायचं होतं. कुठं उतरावं, तिने विचारलं.

"मागवाल्यांच्या गल्लीत जा," सासूबाई तिला म्हणाल्या. "आवाज लई हाय, पर मानसं हायत. त्या बंगल्यांकडं जाऊ नगं. म्या आधीच म्हनलं हुतं हिला."

मी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याचं दुपटं सारखं करत बसले.