शेरभर मिठाचा लेफ्ट विंगर

माझा धाकटा भाऊ आम्ही दुकानात विकत घेतला. हे ऐकून लोक हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. पण ते अगदी खरं आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सहा-सात वर्षांची असेन. ओतूरला आमचं किराणा आणि धान्याचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. लोक आम्हाला अजून मारवाडी म्हणतात, आणि आम्ही भांडतो मात्र अस्सल जुन्नरी मराठीत. मढच्या वरच्या डोंगरातल्या बायका हिरडा आणि तांदूळ घेऊन आमच्याकडे उतरायच्या. जाताना मीठ, गूळ, काड्यापेट्या न्यायच्या.

त्यातली एक बाई त्या दिवशी हिरड्याऐवजी तान्हं पोर घेऊन आली. तिची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. हे तिसरं. माझ्या आईला म्हणाली, "वैनी, ह्याला तुमी इकत घ्या. माझं म्हनलं की ऱ्हात न्हाई." त्यांच्याकडे तशी रीत होती. पोरं जगेनाशी झाली की पुढचं पोर दुसऱ्याला विकायचं. म्हणजे ज्याला न्यायचंय त्याला पत्ता लागत नाही. वडील ओशाळून गिऱ्हाइकांकडे बघायला लागले. आई उठली, पोराला हिरड्याच्या तराजूत निजवलं आणि बाईच्या ओच्यात शेरभर मीठ घातलं. "झालं. आता हा आमचा. तुम्ही फक्त सांभाळायला न्या." बाईने सांभाळायला म्हणून पोर उचललं आणि ती डोंगरात परत गेली.

तेव्हापासून तिने त्याला कधी 'माझा' म्हटलं नाही. कोणी विचारलं तर "शेटाचं पोर हाय" म्हणायची. त्याला स्वतःला हाक मारायची 'पावणं'. "ए पावणं, भाकरी खाऊन घ्या." मला लहानपणी याची लई मजा वाटायची. तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील कड्यावरून घसरून गेले, तेव्हा ती आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून एवढंच म्हणाली, "त्येंला मी आमचं मानूस म्हनायची." त्यानंतर मजा वाटेनाशी झाली.

पाचवीला तो आमच्या घरी राहायला आला. आमचाच होता ना! मी राखी बांधायची, तो माझ्या वेण्या ओढायचा. शाळेत तेव्हा कोल्हापूरहून बदलून आलेले खेळाचे सर होते. कोल्हापूरचा माणूस कुठेही गेला की आधी तांबडा रस्सा शोधतो आणि मग फुटबॉलचं मैदान. आमच्याकडे दोन्हीची बोंब. मग सर पोरांना टेम्पोत घालून बेल्ह्याला न्यायचे. गुरांचा बाजार उठला की दुसऱ्या दिवशी ते पटांगण मोकळं असायचं. मोकळं म्हणजे शेण सोडून मोकळं. तिथे माझा भाऊ डाव्या पायाने चेंडू असा पळवायचा की सर शिट्टी वाजवायचं विसरायचे. "हे पोरगं शेणात पडत नाही," ते वडिलांना म्हणाले, "तर गवतावर ह्याला कोण पाडतंय?"

त्याची आई एकदाच सामना बघायला आली, पेठ गावात. बघायला म्हणजे, मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. ती कोणाकडे बघते आहे हे कळलं तर पोर कोणाचं तेही कळेल, अशी तिची भीती. मी शेजारी उभी राहून तिला सांगत होते, आता चेंडू त्याच्याकडे आला, आता त्याने दोघांना चुकवलं. गोल झाला तेव्हा पोरं ओरडली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. "पडला बिडला न्हाई ना?" एवढंच तिने विचारलं.

पुढे पुण्याच्या एका अकादमीत त्याची निवड झाली. पालक म्हणून माझ्या वडिलांनी सही केली. तिथल्या कोचने अंडी खायला लावली, आणि सुट्टीत घरी आला की आई, म्हणजे माझी आई, काहीच ठाऊक नसल्यासारखी, चौकशी न करता त्याला जेवायला वाढायची. आमच्या शाकाहारी घरात धर्म असा शहाणपणाने पाळला जातो.

तो पंधरा-सोळाचा झाला तेव्हा दोन बोलावणी एकदम आली. गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबने ज्युनियर संघासाठी मागितलं होतं. राहणं-खाणं, मानधन, आणि पुढे मोठ्या संघाची वाट. दुसरं बोलावणं भारताच्या ज्युनियर संघाच्या शिबिराचं. त्यातून निवडलेली मुलं परदेशात खेळणार होती. एक घ्यायचं तर दुसरं सोडायला लागणार होतं.

सरांचं मत स्पष्ट होतं. "लेका, शिबिरातनं निम्मी पोरं घरी धाडतात. क्लबात निदान बूड टेकायला जागा मिळत्या. गोव्याला जा." वडीलही तेच म्हणाले. क्लबच्या कागदांवर त्यांची सही चालणार होती.

तो तांदळाच्या पोत्यावर बसून पाय हलवत होता. "मी शिबिराला जाणार."

मी भडकले. "डोकं फिरलंय का तुझं?"

सगळे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "शिबिराला पासपोर्ट लागतोय, ताई. त्याच्या चौकशीला आईला यावं लागंल. पोलीस तिला इचारनार, हा तुझा कोण." मग मान खाली घालून म्हणाला, "एकदा ऐकायचंय मला."

देशासाठी खेळायचंय वगैरे तो नंतर एका वार्ताहराला बोलला. ते छापूनही आलं. मी ते वाचलं आणि मला रडू फुटलं.

पोलीस ठाण्यात आम्ही चौघं गेलो. वडील, मी, तो आणि त्याची आई. हवालदाराने विचारलं, "बाई, हा तुमचा कोण?" वडील बोलायला लागले, त्यांना हवालदाराने हाताने थांबवलं. "तुम्ही नका. त्यांना बोलू द्या."

"ह्येंनी मीठ देऊन घेतलाय त्याला," ती म्हणाली.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "अहो, मीठ-मिरची राहू द्या. जन्म कुणी दिला?"

तिने भावाकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, तो म्हणेल जाऊ दे. तो म्हणाला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि पेनल्टीच्या वेळी उभा राहतो तसा श्वास रोखून होता. शेवटी ती पुटपुटली, "माझा हाय."

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय."

"माझा हाय!" ती ओरडली. "माझ्या पोटचा हाय, माझा हाय त्यो!" अंगणातली माणसं वळून बघायला लागली. तिने पदरात तोंड लपवलं. तो मात्र हसत होता, सगळ्या तोंडभर. त्या दिवशी एसटी स्टँडवर त्याने दोन प्लेट भेळ खाल्ली. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

तो शिबिराला गेला. ती दर बाजाराला यायची आणि डोक्यावरचं ओझं उतरवायच्या आधी विचारायची, "फोन आला व्हता?" मी शिकलेली, बी.कॉम. झालेली, असल्या गोष्टींना वेडगळ म्हणणारी. पण दुकानातला फोन वाजला की उचलायच्या आधी मीही देवाच्या तसबिरीकडे बघायची. आपण त्याचा पत्ता मोठ्याने सांगून बसलो आहोत, असं काहीतरी मनात घर करून बसलं होतं.

आणि फोन आला. सरावात पळता पळता तो वळला आणि गुडघा आतून फाटला. कोणाचा धक्का नाही, पाय नाही. कोच वडिलांना पुन्हा पुन्हा सांगत होता की जवळपास कोणीही नव्हतं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

पुण्यात ऑपरेशन झालं. गोव्याच्या क्लबचे अजून अधूनमधून येणारे फोनही बंद झाले. तो कुबड्या घेऊन घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई उतरली. तिला कसं सांगायचं यावर आम्ही घरात वाद घालत बसलो होतो. त्याने पायरीवर बसूनच सांगून टाकलं. "आये, गुडघा गेला. खेळनं संपलं माझं."

"आन् जीव?"

"जिवाला काय न्हाई झालं."

तिने ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मंग फिटलं! त्याला घ्यायचं ते घेतलं त्यानं, पायावर भागलं!" माझ्याकडून तिने साखर मागून घेतली आणि दुकानातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली. हमालांच्या, गिऱ्हाइकांच्या, माझ्या वडिलांच्या. उरलेली त्याच्या तोंडात घातली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "बाळा. माझ्या बाळा."

मला तिचा भयंकर राग आला. पोराचं सगळं मोडलं होतं आणि ही बाई साखर वाटत होती! मी गोदामात जाऊन बसले. ती गेल्यावर तो कुबड्या टेकत आत आला तेव्हा तिच्याबद्दल नाही नाही ते बोलले.

त्याने कुबड्या भिंतीला लावल्या. मग म्हणाला, "डॉक्टर म्हनलेत, अजून एक ऑपरेशन केलं आन् वरीसभर थांबलो तर खेळता यील. पह्यल्यासारखं."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? फिटलं न्हाई, असं सांगू?"

"तुझा विश्वास आहे का असल्यावर?"

"माझा न्हाई," तो म्हणाला. "तिचा हाय." त्याच्या ओठाला अजून साखरेचे कण होते. "आन् तिनं बाळा म्हनलं, ताई. तू ऐकलंस ना?"

त्याने ते ऑपरेशन केलं नाही. सरांना, माझ्या वडिलांना, कोणालाही त्याबद्दल कळलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढे काही वर्षं टीव्हीवर भारताची मॅच लागली की सर त्याच्यासोबत खेळलेली पोरं ओळखून दाखवायचे आणि मी उठून आत जायची.

त्याने मढला रस्त्याकडेला हॉटेल टाकलं. माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, आणि त्याची आई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्ये माझं पोर." एका दिवाळीत मी गेले तेव्हा ती सरपण आणायला मागे गेली होती. तो चहाचे ग्लास घेऊन टेबलांमधून झपझप, सरळ चालत माझ्याकडे आला. मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या दारात आई दिसली, आणि तो लंगडायला लागला.