मलाही बघवत नाही

"हिला काय, सवय आहे. घराण्यातलंच काम हिच्या," डॉक्टर हसत म्हणाले. समोर मुलुंडच्या मोठ्या सोसायटीतली बाई. टेबलावर तिचा म्हातारा लॅब्रॅडॉर, राजा. बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरंय मग. मला नाही बघवत," म्हणाली आणि काचेचं दार ओढून बाहेर जाऊन बसली.

आमच्या दवाखान्यात असंच चालतं. शेवटचं इंजेक्शन असलं की मालक बाहेर, सुई डॉक्टरांच्या हातात आणि जनावर माझ्या. राजाची नखं नेहमी मीच कापायचे, तो मला ओळखायचा. तरी मान वळवून वळवून दाराकडेच बघत होता. माझ्या तळहाताखाली त्याची धडधड थांबली. मान तशीच राहिली, दाराकडे. मी फरशी पुसली.

आमच्या आजोबांनी गावात मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. दोर पाटलाच्या दारात टाकला, मार खाल्ला आणि मुंबई गाठली. मी या कामाला आले ती जनावरांच्या मायेने. डॉक्टरांना त्यात माझी जात दिसली.

राजा माझ्यामागे घाटकोपरला घरी आला. भाकरी थापताना तळहाताखाली धडधड लागते. मग थांबते. झोपलेल्या लेकीच्या छातीवर हात ठेवायची भीती वाटते मला. डॉक्टरांना सांगितलं, झोप येत नाही. ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस गं. तुम्ही लोक घट्ट असता."

परवा एक गृहस्थ आजारी मांजर शेवटच्या इंजेक्शनला घेऊन आले. टोपली टेबलावर ठेवली आणि वळले. "मला बघवत नाही हो."

"मलाही बघवत नाही, साहेब."

हे मी बोलले.

"काय लावलंयस? धर तिला," डॉक्टर ओरडले.

"धरते ना. पण साहेब समोर बसू देत. ती त्यांना शोधणार, मला नाही."

गृहस्थ बसले. मांजर शेवटपर्यंत त्यांच्याकडे बघत होती. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "परत हे नाटक केलंस तर कामावर येऊ नकोस."

उद्या मी जाणार आहे. धडधड सुटणार नाही, राजाही जाणार नाही कुठे. पण ज्याचं जनावर तो समोर बसल्याशिवाय मी हात लावणार नाही. काढू देत कामावरून. डॉक्टर म्हणाले ते खरंच आहे, घराण्यातलंच आहे हे. आमच्या घराण्यात दोर टाकून देतात.