अपीलमामा

मामा डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगायचे. ऐकीव गोष्ट त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. तालुक्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांना वय विचारलं गेलं. मामांनी पटका सावरला आणि म्हणाले, “आईनं सांगितल्यालं सांगू, का मला ठावं हाय तेवडं सांगू?” सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले. शेवटी ‘अंदाजे सत्तर’ असं लिहून घेतलं. पुढं कितीतरी दिवस मामा कुरकुरत होते, की तो अंदाज त्यांनी केलेला नाही, ज्यानं केला त्यानं सही करावी.

मेंढरं किती, असं विचारलं तर म्हणायचे, “सकाळी मोजली तवा येकशे बारा हुती. आता किती ते बगावं लागंल.” माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं एवढंसं घोंगडं विणून आणलं. माझ्या बायकोनं सहज विचारलं, “मामा, टोचणार नाही ना बाळाला?” मामा गंभीरपणे म्हणाले, “मी पांगरल्यालं न्हाई. बाळालाच इचारा.”

असा साक्षीदार वकिलाला जन्मात एकदा मिळतो. मला तो वकिलीच्या तिसऱ्याच वर्षी मिळाला आणि मी त्याची माती केली.

मी मूळचा फलटणचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. पुण्यात कायदा शिकलो आणि सासुरवाडीच्या ओळखीनं कवठे महांकाळला येऊन बसलो. मामा धनगर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे; त्यांची वस्ती तिथून पूर्वेला, माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं, हा त्यांचा पिढीजात क्रम. वस्तीवरून ओढ्यावर मेंढरं पाण्याला न्यायची वाट शेजारच्या आबांच्या रानातून जायची. आबा वारले. त्यांच्या मुलानं, रघूनं, तिथं द्राक्षबाग लावली आणि तारेचं कुंपण घालून वाट बंद केली. मेंढरांना पाण्यासाठी दोन कोसांचा वळसा पडू लागला. वाटेतली पिकं सांभाळताना रोज कुणाशी तरी भांडण व्हायचं. वाट उघडली नाही तर मेंढरं ठेवणं अवघड होतं. मामा माझ्याकडे आले ते एवढ्यासाठी.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांना ऑफिसात बसवून तयारी करून घेत होतो. वाट कधीपासून वापरता, असं विचारलं. मामांनी सगळं सांगितलं. “माजं नुकतंच लगीन झाल्यालं. आबा बांदावर हुबा ऱ्हाऊन म्हणाला, तू वर्साला चार राती माज्या रानात मेंढरं बसव, मला खत हुतंय. आन् वाट तुजी. तवापासनं येक वरीस चुकवलं न्हाई वकीलसाहेब. आबा गेला त्या वर्सी बी बसवली.”

मी हादरलो. वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, हक्कानं वापर केला की वाटेचा हक्क मिळतो, ही माझ्या दाव्याची सगळी इमारत. आणि हा माणूस सांगतोय, की वाट आबांनी दिली! परवानगी निघाली की दावा बुडाला, एवढंच मला दिसलं. मेंढरं बसवण्याच्या बदल्यात वाट, म्हणजे तो चांगला देवाणघेवाणीचा सौदा होता आणि त्याच पायावर वेगळा, कदाचित जास्त भक्कम दावा उभा राहिला असता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. शेतात मेंढरं बसवतात हे काय मला माहीत नव्हतं? फलटणकडेही बसवतात. पण ती गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नव्हती आणि मी तेव्हा पुस्तकाबाहेर बघत नव्हतो.

“मामा, आबांचं नाव काढायचं नाही,” मी म्हणालो. “परवानगी होती का असं विचारलं, तर नाही म्हणायचं.”

“पर दिली हुती की.”

“हो, पण ते आत्ता नको. ते आपण वरच्या कोर्टात सांगू.”

हे वाक्य आमच्या धंद्यात वाण्याच्या गोळीसारखं आहे. सुटे पैसे नसले की वाणी पोराच्या हातावर गोळी ठेवतो, तसं पक्षकाराला काही समजावून सांगायचा कंटाळा आला की आम्ही वरचं कोर्ट दाखवतो. बहुतेक पक्षकार विसरतात. मामा विसरणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत समोरच्या वकिलानं तोच प्रश्न टाकला. “रघूच्या वडिलांनी सांगितलं म्हणूनच तुम्ही त्या रानातून जात होता ना?” रघू समोरच्या बाकावर पुढं झुकून बसला होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली. “न्हाई,” मामा म्हणाले, “आबानं काय सांगितलं न्हाई.” टंकलेखकानं टकाटका वाजवून घेतलं आणि साक्ष संपली. बाहेर आल्यावर मामांनी नळाखाली दोनदा चूळ भरली. मला म्हणाले, “मेल्याल्या माणसाचं दिल्यालं न्हाई म्हणालो मी. वरच्या कोर्टात पयलं ह्येच सांगायचं.”

दावा फेटाळला गेला. मेंढरं आठ महिने परमुलखात असतात, तेव्हा वापर सलग नाही; आणि जो काही होता तो शेजारधर्म होता, असं न्यायाधीशांनी लिहिलं. त्यांच्यापुढं जे आलं होतं त्यावरून बरोबरच लिहिलं. मला वाटलं होतं मामा चिडतील. ते म्हणाले, “बरं झालं. आता वर जायाचं नव्हं?”

तिथून ते अपीलमामा झाले. आम्ही सांगलीच्या जिल्हा कोर्टात अपील केलं आणि मामा प्रत्येक तारखेला हजर. मी शंभरदा सांगितलं, की अपिलात पक्षकाराची गरज नसते. पण त्यांना भीती, की आपली पुकार होईल आणि आपण नसू. खांद्यावर घोंगडं, फडक्यात भाकरी, आणि व्हरांड्यात बसून तोंडातल्या तोंडात साक्षीची उजळणी. बाररूममधले वकील त्यांना मुद्दाम छेडायचे, “काय अपीलमामा, पाठ झालं का?” मामा म्हणायचे, “खऱ्याला पाठांतर लागत न्हाई गड्या. धाडस लागतंय, त्येचा सराव करतोय.” सगळे हसायचे. त्यांच्यात मीही असायचो.

मला ठाऊक होतं, की त्यांची पुकार कधीच होणार नाही. वरचं कोर्ट साक्षीदार पुन्हा उभे करत नाही. खाली जे कागदावर आलं तेवढंच ते वाचतं, आणि खालच्या न्यायाधीशानं ते नीट तोललं का हे बघतं. नवा पुरावा घ्यायचाच झाला, तर तो आधी का दिला नाही याचं सबळ कारण अर्जात लिहावं लागतं. इथं कारण मी होतो. एका रविवारी तो अर्ज लिहायला बसलोही होतो. ‘वादीने खालील कोर्टात वकिलाच्या सल्ल्याने’ इथवर आलो आणि कागद फाडला. नवीन वकील, हातात जेमतेम वीस-पंचवीस कामं. असा अर्ज दिला तर उद्या तालुक्यात माझ्याकडे कोण येईल, हा विचार केला. दुसरं काही कारण नव्हतं. भित्रेपणा होता.

सांगलीतही हरलो. “हितं बी इचारलं न्हाई?” मामा म्हणाले.

“अजून हायकोर्ट आहे.”

“वर हाईत तरी किती वो कोर्टं?” ते हसून म्हणाले, आणि दुसऱ्या अपिलाच्या वकीलपत्रावर अंगठा उठवून मोकळे झाले.

हायकोर्टातलं दुसरं अपील म्हणजे तर आणखी अरुंद दार. दोन्ही कोर्टांनी घटनेबद्दल एकच निष्कर्ष काढला असेल, तर हायकोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतात. आमचं अपील मुंबईत कितीतरी वर्षं पडून राहिलं. मग हायकोर्ट कोल्हापुरात बसायला लागलं, आमची फाइल तिकडं आली आणि मुंबईच्या वकिलाची गरज उरली नाही. मी स्वतःच उभा राहिलो. साक्षीला तोवर अकरा वर्षं झाली होती. मामांची नजर अधू झाली होती, मेंढरं निम्म्यावर आली होती. पण त्या दिवशी त्यांनी नवा पटका बांधला होता. एसटीत सबंध रस्ताभर ओठ हलत होते.

सुनावणी चार-पाच मिनिटं चालली. न्यायमूर्ती बाई होत्या. फाइल वाचून आल्या होत्या. त्यांनी इंग्रजीत शांतपणे विचारलं, “ही वाट शेतमालकानं काही मोबदल्यात दिली होती, असं तुमचं म्हणणं आहे का? तसं दाव्यात किंवा पुराव्यात कुठं असेल, तर मला दाखवा. मी विचार करीन.”

अकरा वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच नेमका प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्या मागं तिसऱ्या बाकावर नवा पटका बांधून बसलं होतं. मी पानं उलटल्यासारखं केलं. मग म्हणालो, “पुराव्यात तसं आलेलं नाही.” त्यांनी साक्षीतली ती ओळ वाचून दाखवली, ‘आबांनी काही सांगितलं नाही’, आणि अपील फेटाळलं. पुढच्या प्रकरणाचा नंबर पुकारला गेला. मामा उठून उभे राहिले, पोलिसानं त्यांना हातानं बसवलं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, “माजी पुकार कवा?”

मी त्यांना सगळं सांगितलं. वरचं कोर्ट काय बघतं, काय बघत नाही, आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेसुद्धा.

“म्हंजी मेंढरू पुढ्यात न आणता लोकरीवरनंच किंमत करत्यात म्हना की.”

“तसंच.”

“बाईसाहेब काय इचारत हुत्या?”

“आबांनी वाट दिली होती का, म्हणून.”

“मग तुमी काय सांगितलंसा?”

“कागदावर तसं नाही म्हणालो.”

“खरंच बोलला की,” मामा म्हणाले. “कागदावर न्हाईच ते. चला, येष्टी चुकंल.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. तीही सोय त्यांनी ठेवली नाही. परतीच्या वाटेत त्यांनी फडकं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली.

पुढच्याच उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याला मी ओढ्यावर गेलो, तर रघू आधीच येऊन बसला होता. कार्य उरकल्यावर तोच माझ्याजवळ आला.

“हायकोर्टाच्या निकालानंतर म्हातारा माज्या दारात आल्ता,” तो म्हणाला. “हुंबऱ्याबाहेरच हुबा ऱ्हायला. म्हणला, रघू, आबानं वाट दिली हुती, मी कोर्टात खोटं बोललो. आवं, त्या दिवशी कोर्टात येवडं म्हणला असता, तर मी तितल्या तितं दावा मिटवला असता. माजा बा काय बोलून गेल्ता, ते मला बी ठावं हुतं की. ह्यो न्हाई म्हणला, तवा डोस्कं फिरलं माजं. अकरा वर्सं बोललो न्हाई त्येच्यासंगं. त्यो येऊन गेल्यावर कुंपणाला फाटक ठेवलं, तर त्येच्या पोरांनी मेंढरं इकून टाकली.”

रघू ओढ्याच्या दरडीवर माझ्याशेजारी टेकला.

“मी इचारलं त्येला, मामा, तुमी कदी न पायल्यालं बोलत न्हाई, मग हे शिकवलं कुणी? तर म्हणला, कोण शिकवतंय, माजीच अक्कल.”

म्हणजे या माणसानं माझ्या माहितीत दोनदा खोटं सांगितलं. एकदा मी सांगितलं म्हणून. दुसऱ्यांदा, माझं नाव निघू नये म्हणून. ओढ्याच्या काठावर माणसं हात-पाय धुऊन परत निघाली होती. कुणी ऐकत नव्हतं, आणि गप्प बसलो असतो तर ते कायमचं खपून गेलं असतं.

“रघूभाऊ, ती अक्कल त्यांची नव्हती,” मी म्हणालो. “मी शिकवलं होतं.”

रघूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हात उचलेल. पण त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

“दहा दिसांमागं जित्ता हुता की वो त्यो, वकीलसाहेब.”